दापोडीच्या बागेतले डॉक्टर गिब्सन

पुण्याजवळची दापोडी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता आणि बंगल्याला लागून सरकारी वनस्पती उद्यान. १८३८ साली या बागेचा कारभार एका सर्जनच्या हाती आला. अलेक्झांडर गिब्सन.

जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडचा. शिक्षण एडिंबरोचं. तिथे वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्रही शिकवत, कारण निम्मं औषध झाडापानांतूनच यायचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ते हिंदुस्थानात आले आणि दख्खन-खानदेशात देवीची लस टोचायचं काम त्यांच्याकडे आलं.

तेव्हा लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर टोचायचं, आठवडाभराने फोड भरला की त्यातला द्रव काढून पुढच्या मुलाच्या दंडावर. ही साखळी तुटू द्यायची नाही, म्हणजे गावोगाव हिंडत राहणं आलं. गिब्सन यांना इथला मुलूख कळला तो याच भटकंतीत, असं मला वाटतं.

दापोडीत, आणि जुन्नरजवळच्या हिवऱ्याच्या बागेत, सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची लागवड होई. पण दापोडीची खरी दौलत चित्रांत आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून बागेतली झाडं-फुलं रंगवून घेतली. ती चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकार पोर्तुगीज वंशाचा भारतीय होता, एवढंच आपल्या हाती आहे. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आणि ही गोष्ट फार लागते.

बाग सांभाळता सांभाळता गिब्सन यांचं लक्ष डोंगरांकडे गेलं. जहाजांसाठी, इमारतींसाठी सागवान बेसुमार तुटत होतं. कोकणात डोंगर बोडके झाले, माती वाहून आली, खाड्या गाळाने भरू लागल्या. झाडं गेली की झरे आटतात, पाऊसमानही घटतं, असं ते सरकारला लिहीत राहिले. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. अख्ख्या देशाचं वनखातं त्यानंतर १७ वर्षांनी उभं राहिलं.

मात्र जंगल राखायचं म्हणून कुमरीवरही, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवरही, बंधनं आली. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसांचं पोट त्या राखेवर होतं. कंपनीला सागवान हवं होतं, आणि त्याची किंमत या माणसांनी मोजली. गिब्सन यांचं मोठेपण सांगताना हे गाळून चालणार नाही.

१८६१ मध्ये निकोल डॅल्झेल यांच्यासह त्यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ आला. पश्चिम भारतातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना तो पुढे कित्येक वर्षं हाताशी लागे. १८६७ मध्ये गिब्सन वारले. तोवर पुण्यातल्या गणेशखिंडीत गव्हर्नरचा नवा बंगला बांधायला घेतला होता आणि दापोडीची बाग मोडीत निघाली होती. १८७३ साली गणेशखिंडीत नवी वनस्पती बाग सुरू झाली. ती आजही आहे.