अठ्ठेचाळीस तासांचा बंद

[दृश्य: मोबाइलचा पडदा. सर्चच्या चौकटीत एकेक अक्षर उमटतंय.]

पंखा खडखडायला लागला, व्हिसाच्या फॉर्ममधला एखादा रकाना कळेना, की आपल्यातले कितीतरी जण गूगलवर प्रश्न टाकतात आणि शेवटी एक शब्द जोडतात: 'रेडिट'. लोक आपसात प्रश्न विचारतात, गप्पा मारतात, ती ही साइट. जाहिरातबाज लेख नको असतो. ज्याने ते भोगलंय त्याचं म्हणणं हवं असतं.

१२ जून २०२३ ला असा प्रश्न टाकणाऱ्याला गूगलने नेहमीसारख्या लिंक दिल्या. त्यातल्या कितीतरी उघडल्या आणि समोर एवढंच आलं, की ही कम्युनिटी खासगी आहे.

आठ हजारांहून जास्त सबरेडिटांनी, म्हणजे रेडिटवरच्या विषयवार गटांनी, कंपनीच्या निषेधार्थ दारं लावून घेतली होती. त्यात चार कोटी सभासदांचं 'फनी' होतं, 'गेमिंग' होतं, 'म्युझिक' होतं. इतक्या दारांना एकदम कडी लागल्यावर काही तास खुद्द रेडिटच कोलमडलं.

[दृश्य: दोन फोन शेजारी शेजारी. एकावर रेडिटचं अधिकृत अ‍ॅप, दुसऱ्यावर अपोलो.]

भांडण होतं एका खिडकीवरून. तिला एपीआय म्हणतात. बाहेरचं अ‍ॅप त्या खिडकीशी येऊन सांगतं, हा धागा दे, या कमेंट दे, हे मत नोंदव. आतून माल मिळतो. तुम्ही अंगठ्याने पडदा सरकवता तेव्हा मागे अशा मागण्या चाललेल्या असतात.

रेडिट सुरू झालं २००५ साली. आयफोन आणि अँड्रॉइडसाठी स्वतःचं अ‍ॅप आलं ते २०१६ मध्ये. मधल्या काळात लोक फोनवर रेडिट वाचत होते ते याच खिडकीच्या जिवावर, दुसऱ्यांनी बांधलेल्या अ‍ॅपमधून. खिडकी फुकट होती.

एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं, आता पैसे पडतील. कारण होतं कृत्रिम बुद्धिमत्ता. मोठमोठ्या कंपन्या आमच्या लोकांच्या गप्पांवर आपली मॉडेलं पोसतात, ते फुकट का द्यायचं, असा संस्थापक आणि सीईओ स्टीव्ह हफमन यांचा सवाल होता. सवाल रास्तच होता. पण बिल आलं ते भलत्याच माणसाच्या हातात.

[दृश्य: कागदावर पेनने मांडलेला हिशेब.]

ख्रिश्चन सेलिग हा कॅनडातला तरुण डेव्हलपर. त्याने २०१७ साली अपोलो हे रेडिट वाचायचं अ‍ॅप बाहेर आणलं. मे २०२३ च्या अखेरीला त्याने हिशेब जाहीर केला. दर ५ कोटी मागण्यांना १२,००० डॉलर. अपोलोच्या मागण्या महिन्याला ७०० कोटी. करा गुणाकार: महिन्याला जवळपास १७ लाख डॉलर, वर्षाला सुमारे २ कोटी. चित्रं ठेवणाऱ्या इमगुरला तेवढ्याच ५ कोटी मागण्यांसाठी आपण १६६ डॉलर देतो, असंही त्याने सांगितलं. आणि मुदत? दर कळल्यापासून महिनाभर.

अंधांसाठीच्या 'ब्लाइंड' या सबरेडिटची गोष्ट वेगळी होती. अंध माणूस फोन कानाने वाचतो. पडद्यावर बोट फिरवलं, की स्क्रीन रीडर खाली काय आहे ते बोलतो. पण अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल, तर तो बिचारा काय बोलणार? नुसतं 'बटण'. पुढे सरका, पुन्हा 'बटण'. यातलं उत्तर द्यायचं कुठलं, काढून टाकायचं कुठलं, कुणास ठाऊक. अधिकृत अ‍ॅपवरून मॉडरेटरचं काम होत नाही, ही तिथल्या अंध मॉडरेटरांची तक्रार. बाहेरच्यांची अ‍ॅपं त्यांना वापरता येत होती. ओरड झाल्यावर कंपनीने रेडरीडरसारख्या काही बिगर-व्यावसायिक अ‍ॅपांना सूट दिली. ओरड झाल्यावर, हे लक्षात ठेवू.

मॉडरेटर म्हणजे तरी कोण? लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे. पगार नाही, मानधन नाही. दिवसभर शिव्या पुसायच्या, फसव्या जाहिराती हाकलायच्या. त्यांची बरीच अवजारंही याच खिडकीवर चालत.

[दृश्य: ध्वनिलहरींची रेघ. फोनवरचं संभाषण.]

त्यात एक आरोप आला. अपोलोने आम्हाला धमकावून १ कोटी डॉलर मागितले, असं हफमन मॉडरेटरांपुढे म्हणाले. सेलिगने फोनचं रेकॉर्डिंगच लोकांसमोर ठेवलं. त्यात तो अर्ध्या थट्टेने म्हणतो, अपोलो तुम्हाला वर्षाला २ कोटींना पडतं ना, मग १ कोटी द्या, मी दुकान बंद करतो. समोरच्या रेडिटच्या माणसाचा आधी गैरसमज होतो, मग तो त्याच फोनवर माफी मागतो. एका बाजूच्या संमतीने फोन रेकॉर्ड करायला कॅनडाचा कायदा आडवा येत नाही, हे सेलिगचं नशीब.

आता बंदाबद्दल. मुळात ठरला होता अठ्ठेचाळीस तासांचा. ज्याने आयुष्यात एक तरी संप जवळून पाहिलाय, त्याला इथेच खोट दिसेल: संपाची शेवटची तारीख मालकाला आधीच कळवून टाकली होती. हफमननी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर फुटलं. त्याचा मथितार्थ असा, की हेही वादळ जाईल, आणि उत्पन्नावर फारसा परिणाम झालेला नाही.

तरी हजारो सबरेडिटं दोन दिवसांनंतरही उघडली नाहीत. मग हफमन एका मुलाखतीत म्हणाले, हे मॉडरेटर जमीनदारांसारखे आहेत. जो आधी आला तो ठाण मांडून बसतो आणि पुढे वारसांना देऊन जातो, ही काही लोकशाही नव्हे. बिनपगारी जमीनदार! 'कसेल त्याची जमीन' ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना इथे जमीन कोण कसत होतं, असं विचारावंसं वाटणारच.

[दृश्य: एकाच चष्मेवाल्या माणसाचे फोटो, एकाखाली एक, संपतच नाहीत.]

लोकशाही हवी? घ्या. 'पिक्स' सबरेडिटने मतदान घेतलं. कौल आला: यापुढे इथे फक्त विनोदवीर जॉन ऑलिव्हरचे मादक फोटो. खुद्द ऑलिव्हरने ट्विटरवर स्वतःचे चित्रविचित्र फोटो पुरवले. 'स्टीम' हे व्हिडिओ गेमचं सबरेडिट, तिथे खऱ्याखुऱ्या वाफेची चित्रं आली. काहींनी आपल्या सबरेडिटवर 'फक्त प्रौढांसाठी'ची पाटी लावली, कारण तिथे जाहिराती लागत नाहीत. खिशाला चटका बसल्यावर मात्र कंपनी हलली. एका मोठ्या सबरेडिटच्या मॉडरेटरांना काढलं गेलं. बाकीच्यांना निरोप गेले: उघडा, नाहीतर दुसरे नेमू.

३० जूनला अपोलो बंद झालं. 'रेडिट इज फन', 'सिंक' आणि 'बेकनरीडर'ही गेली. वार्षिक वर्गणी भरलेल्यांना परतावा देणं सेलिगला भाग होतं. रक्कम अडीच लाख डॉलरच्या घरात जाणार होती, म्हणून त्याने विनंती केली, जमत असेल तर परतावा नाकारा.

पुढे, फेब्रुवारी २०२४ मध्ये, रेडिटचा मजकूर मॉडेल घडवायला गूगल वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर देणार असल्याची बातमी आली. मार्चमध्ये कंपनीचा शेअर पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या बाजारात विक्रीला आला, ३४ डॉलर भावाने. काही जुन्या वापरकर्त्यांना आणि मॉडरेटरांनाही तो त्याच भावाने घ्यायची मुभा होती, पैसे मोजून.

[दृश्य: रिकामा फॉर्म. कर्सर लुकलुकतोय.]

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीला नवा नियम आला. सबरेडिट खासगी करायचं असेल, तर आता मॉडरेटरने कंपनीकडे अर्ज करायचा. पाच हजारांपेक्षा कमी सभासद असले तर मंजुरी आपोआप मिळते. कोट्यवधी सभासदांच्या 'फनी'ला मात्र दाराला कडी लावायची झाली, तर आधी विचारावं लागेल.