आधी कळस, मग पाया

सुरुवातीलाच एक विनंती. तुमच्यापैकी कुणी सध्या रोल-प्लेइंग गेमच्या एखाद्या मोठ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथेत, खेळाडू असेल, तर मी त्याचं नाव घेतलं की कान झाकून घ्या. शेवट मी कुठलाच सांगणार नाही, पण बोलण्याच्या ओघात एखादी गाठ सुटायची.

आता हात वर करा. सहा-सहा भागांचं छापील कॅम्पेन किती जणांच्या कपाटात आहे? बघा, निम्मा हॉल. त्यातलं एखादं शेवटच्या पानापर्यंत टेबलावर खेळून किती जणांनी नेलं? चार. आणि तिकडे मागे एक हात अर्धाच वर आहे, तो पाचव्या भागात अडकलेला दिसतोय. त्यांना चहाच्या वेळी मी मुद्दाम शोधणार आहे.

माझं म्हणणं थोडकं आहे. शेवटचा भाग हातात आल्याशिवाय कॅम्पेन सुरू करू नका, आणि वाचायला घ्याल तेव्हा तो शेवटचा भाग आधी वाचा. ‘आधी कळस मग पाया’ असं आपण उरफाट्या कामाला नावं ठेवताना म्हणतो. गेम मास्टरला, म्हणजे टेबलावर कथा चालवणाऱ्याला, मात्र तीच रीत लागू पडते. तयारी नेमकी कशी करायची ते सविस्तर सांगणार आहे, पण त्याआधी होडीवाल्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

आमचं ते कॅम्पेन तीनेक महिन्यांनी एक भाग असं येत होतं. भाग आला की मी वाचायचे, दर पंधरा दिवसांनी सेशन, आणि तो संपेपर्यंत पुढचा हजर. पहिल्या भागात एक नदी ओलांडायची होती. पुस्तकात होडीवाल्याला जेमतेम अडीच ओळी. नाव, वय, भाडं दोन चांदीची नाणी, आणि ‘याला फारसं काही माहीत नाही.’ हे शेवटचं वाक्य मला आजही तोंडपाठ आहे.

भाड्यावरून घासाघीस सुरू झाली. होडीवाला ऐकेना. एका खेळाडूचं पात्र मुळात तापट, त्याने हात उगारला. फासा टाकला, आला वीस, फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा. होडीवाल्याचे हिट पॉइंट, म्हणजे त्याच्यातला जीव, चार. टेबलावर जो काही आरडाओरडा झाला म्हणता! ज्याने फासा टाकला तो खुर्चीवरून उठून नाचला. मग सगळ्यांनी स्वतःच वल्ही मारून नदी ओलांडली. मी वहीत एक ओळ लिहिली: ‘होडीवाला मेला, होडी यांच्याकडे.’ पान उलटलं.

वर्षभराने पाचवा भाग आला. रात्री वाचायला बसले आणि चाळिसाव्या पानावर ते नाव दिसलं. बुडालेल्या राणीने जी शपथ घेतली होती तिचा हयात असलेला एकमेव साक्षीदार म्हणजे हा होडीवाला. तो नदी सोडून कुठे जात नाही, दोन नाण्यांच्या वर घेत नाही आणि खालीही येत नाही, या सगळ्याला कारण होतं. पुढची चौदा पानं त्याच्यावर उभी होती. आणि फार सुंदर लिहिलं होतं हो! पाचव्या भागाच्या लेखकाने त्या माणसावर जीव लावला होता. पहिल्या भागाच्या लेखकाला यातलं काहीही कळवलेलं दिसत नव्हतं. माझी तक्रार आहे ती एवढीच. पहिल्या भागात त्या अडीच ओळींच्या शेजारी एक चौकट हवी होती: ‘हा पुढे लागणार आहे, जपा.’ तिला जागा तरी कितीशी लागते?

मी होडीवाल्याला एक बहीण दिली. तिला सगळं माहीत होतं, तिने सगळं सांगितलं, सेशन नीट पार पडलं. फासे गोळा करून मंडळी निघाली. ज्याने तो वीस टाकला होता तो मात्र मागे रेंगाळला. बराच वेळ फाशांच्या पिशवीची नाडी ओढत बसला आणि म्हणाला, “ताई, एक विचारू? त्या बाईला माझ्यावर राग कसा नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला माहिती द्यायला आणलं होतं. तिचा भाऊ याच्या हातून गेलाय, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. कथेत भोक पडलं तर ते बुजवता येतं, गेम मास्टरला तेवढं जमतंच. पण हे आधी माहीत असतं तर त्या बाईला वर्षभर वाढवता आलं असतं. दुसऱ्या भागात ती नदीकाठी भावाची वाट बघताना दिसली असती. तिसऱ्या भागात कुणीतरी तिची होडी ओळखली असती. त्या मुलाच्या पात्राला झोप लागली नसती. हे सगळं आमच्या टेबलावर घडायचं राहून गेलं.

हे आमच्याच वाट्याला आलं असं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पहिली मोठी साखळी घ्या, १९७८ ची, राक्षसांच्या गडांपासून निघून जमिनीच्या पोटात उतरणारी. सात मॉड्यूल्स, म्हणजे छापील साहसांची पुस्तकं. सहा एकट्या गॅरी गायगॅक्सची, आणि १९८० च्या सातव्यावर डेव्हिड सदरलँडचंही नाव. ज्यांनी ओळीने खेळलंय त्यांना सहाव्या-सातव्यामधला सांधा हाताला लागतो. २००७ मध्ये पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाची पहिली सहा भागांची मालिका आली ती दर महिन्याला एक भाग, आणि सहा भागांना सहा लेखक. या वेगात एकाचं छापून होईपर्यंत दुसरा थांबणार कसा? सगळे एका आराखड्यावरून लिहितात, आणि आराखड्यात होडीवाले नसतात. वॉरहॅमरच्या ‘द एनिमी विदिन’चा १९८९ चा शेवट इतक्या जणांना खटकला की पुढे नव्या आवृत्तीत शेवटचा भाग नव्याने लिहिला गेला.

याच्या उलट, कॉल ऑफ क्थुलूचं ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’. १९८४ चं. त्यात सुरुवातीलाच एक जुना मित्र मेलेला सापडतो. पात्रांचा जुना मित्र! खेळाडूंनी त्याला कधी पाहिलेलंही नसतं, मग रडणार कुणासाठी? २०१८ च्या आवृत्तीत मूळ कथेच्या चार वर्षं आधीचं, १९२१ मधलं पेरूचं एक प्रकरण पुढे जोडलं, आणि त्यात हा मित्र जिवंत भेटतो, सोबत फिरतो, बोलतो. चौतीस वर्षांनी त्यांनी पाया घातला. कळस माहीत होता म्हणून तो बरोबर त्याच जागी बसला.

चिठ्ठी आलीये, सात मिनिटं. बरं, तयारी. भराभर सांगते, लिहून घ्या.

घेताना पूर्ण संच घ्या. एकत्रित आवृत्ती निघाली असेल तर तीच, कारण तिच्यात बऱ्याच चुका सुधारलेल्या असतात. पीडीएफ जरूर घ्या. एक नाव शोधलं की ते सहाही भागांत कुठे-कुठे येतं ते मिनिटभरात कळतं. मला होडीवाला असाच सापडला असता. भाग अजून येताहेत आणि राहवत नाहीये? मग तोवर दुसरं छोटं काहीतरी चालवा. हिशेब करा: भागाला दहा सेशन, महिन्याला दोन, म्हणजे सहा भागांना अडीच वर्षं. त्यापुढे सहा महिने थांबणं काहीच नाही.

वाचताना आधी शेवटचं प्रकरण. मग एका कागदावर दोन प्रश्न: इथे पोहोचेपर्यंत खेळाडूंना काय माहीत हवं, आणि कुणाबद्दल काही वाटायला हवं? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. नावं पाच-सहाच निघतात. मग उलटं वाचत या आणि प्रत्येक नावापुढे लिहा, हा माणूस सगळ्यात लवकर कुठे दिसू शकतो. पुस्तकात नसला तरी तुम्ही त्याला तिथे उभा करा. खलनायकाचं नुसतं नाव तरी पहिल्या भागात कानावर पडू द्या.

मधले भाग फक्त चाळून ठेवा. बारकाईने तयारी पुढच्या दोनच सेशनची, कारण खेळाडू तुमच्या कागदावरून चालत नाहीत आणि चालूही नयेत. जे प्रकरण त्या पाच-सहा जणांपैकी कुणालाच स्पर्श करत नाही ते बिनधास्त गाळा, मग त्यातला नकाशा कितीही देखणा असो. आणि त्यातला कुणी मेलाच, तर त्याच्या मागे कोण उरलं ते त्याच रात्री वहीत लिहा.

वेळ संपली, उठतेच. तेच कॅम्पेन सध्या दुसऱ्या टेबलावर चालवतेय, सहाही भाग वाचून. होडीवाल्याच्या बहिणीला पहिल्याच सेशनला त्याच्या शेजारी वल्हं घेऊन बसवलं. याही मंडळींनी भाड्यावरून वाद घातला, एकाने फासा उचललाही. तेवढ्यात दुसरीने त्या बहिणीला विचारलं, “तुझं नाव काय गं?” त्याने फासा खाली ठेवला.