डावीकडे वाहणारा प्रवाह

[दृश्य १ : सूक्ष्मदर्शकाखाली उंदराचा भ्रूण]

हा उंदराचा भ्रूण. वय जेमतेम आठ दिवस. आपण त्याच्याकडे पोटाच्या बाजूने पाहतोय. डोकं वर, शेपटी खाली. म्हणजे भ्रूणाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. एवढं ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे. मध्यरेषेवर हा जो उथळ खळगा दिसतोय, तो नोड. हृदयाची नळी अजून वळलेली नाही. जठर नाही, प्लीहा नाही. डावं कोणतं आणि उजवं कोणतं, हे नुसतं बघून सांगता येणार नाही. ते ठरतं याच खळग्यात.

आता खळग्यातल्या द्रवात चकाकणारे सूक्ष्म मणी सोडलेत. सगळे एकाच दिशेला निघाले बघा, भ्रूणाच्या डावीकडे. वेग सेकंदाला साधारण २० मायक्रोमीटर.

[दृश्य २ : एकच सिलियम, अगदी जवळून]

नोडमध्ये दोन-तीनशे सिलिया, म्हणजे पेशीवरचे केसासारखे सूक्ष्म धागे आहेत, एका पेशीवर एक; एकट्या धाग्याला म्हणतात सिलियम. लांबी काही मायक्रोमीटर. श्वासनलिकेतले सिलिया चाबकासारखे पुढे-मागे हलतात, हे मात्र गोल फिरतात. पोटाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सेकंदाला साधारण १० फेरे.

पण सिलियम सरळ उभा राहून फिरला असता तर द्रव जागच्या जागी घुसळला गेला असता, वाहिला नसता. मेख आहे तिरकेपणात. प्रत्येक सिलियम शेपटीकडे झुकलेला आहे. हातात पेन्सिल धरून करून बघा. पेन्सिलचं बूड टेबलावर टेकवा, ती स्वतःकडे कलती ठेवा आणि तिचं वरचं टोक घड्याळाच्या दिशेने फिरवा. फेऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात ती जवळजवळ उभी होते आणि आपल्या उजवीकडे, म्हणजे भ्रूणाच्या डावीकडे जाते. परतताना ती आडवी होऊन टेबलालगत सरकते. इतक्या लहान मापावर द्रव मधासारखा चिकट वागतो आणि पेशींना लागून असलेला थर जागचा फारसा हलत नाही. त्यामुळे परतीचा फटका जवळपास वाया जातो. जातानाचा फटका मात्र द्रव ओढून नेतो. गोळाबेरीज डावीकडे.

या रचनेतली खरी कमाल इथेच आहे. डोकं-शेपटी आणि पाठ-पोट या दोन दिशा भ्रूणाला आधीच ठाऊक असतात. सिलियमचं मूळ पेशीच्या शेपटीकडच्या कडेला सरकतं, म्हणून तो झुकतो. फिरण्याची दिशा येते त्याच्या आतल्या डायनीन या मोटर-प्रथिनांच्या मांडणीतून, आणि ती मांडणी प्रत्येक सिलियममध्ये एकाच दिशेची असते. तिसरी दिशा या दोन्हींतून आपसूक निघते.

[दृश्य ३ : नोडच्या कडेच्या पेशी]

खळग्याच्या कडेला न फिरणारे सिलिया आहेत. प्रवाह ओळखायचं काम त्यांचं. ते नेमकं काय ओळखतात, वाहून आलेला रेणू की प्रवाहाने येणारा बाक, हा वाद कित्येक वर्षं चालला. २०२३ मध्ये प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे लेसरच्या झोताने धरून, एकेक सिलियम वाकवून दाखवण्यात आलं की नुसत्या बाकानेही पेशीत कॅल्शियमचा संकेत उठतो. त्यासाठी पीकेडी२ ही कॅल्शियमची वाहिनी लागते.

या संकेतामुळे डाव्या कडेला डँड५ या जनुकाचा संदेश-आरएनए मोडून टाकला जातो. डँड५ हा डावी बाजू घडवणाऱ्या नोडल या प्रथिनाचा लगाम. डावीकडे लगाम सुटला की नोडल बाजूच्या मध्यस्तरात, म्हणजे भ्रूणाच्या मधल्या पेशीथरात पोचतो, स्वतःचंच उत्पादन वाढवतो आणि बरोबरच लेफ्टी हा आपला विरोधकही तयार करतो. मध्यरेषेवरचा लेफ्टी त्याला उजवीकडे जाऊ देत नाही. हे सगळं काही तासांत आटोपतं. नोडल विझतो, पण त्याने चालू केलेलं पिटएक्स२ जनुक डाव्या बाजूला चालूच राहतं. हृदय, फुप्फुसं आणि आतडं पुढे त्याच खुणेवर घडतात.

झेब्राफिशमध्ये असाच प्रवाह कुप्फर पुटिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या एका लहान पोकळीत वाहतो. पण सगळ्या प्राण्यांत असा प्रवाह नसतो. कोंबडीच्या भ्रूणात प्रवाहाऐवजी नोडभोवतीच्या पेशीच डावीकडे सरकतात.

[दृश्य ४ : डायनीन नसलेला सिलियम, आडवा छेद]

प्रवाह थांबला तर? अवयव उलटे होतात, असं सहज वाटेल. तसं होत नाही; निवडच हरवते. सदोष डायनीनच्या ‘आयव्ही’ नावाच्या उंदरांत साधारण निम्म्यांचेच अवयव उलटे असतात, जणू नाणेफेक. माणसांतही तेच. सायनसचा आजार, रुंदावलेल्या श्वासनलिका आणि उलटे अवयव हे त्रिकूट स्विस डॉक्टर कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये मांडलं. १९७६ मध्ये स्वीडिश संशोधक अफ्झेलियस यांनी त्याचं मूळ हालचाल हरवलेल्या सिलियांत शोधलं आणि भ्रूणातले सिलियाच डावं-उजवं ठरवत असावेत, असा तर्क केला. नोडमधला प्रवाह प्रत्यक्ष दिसला तो १९९८ मध्ये, जपानमध्ये. २००२ मध्ये तिथेच पंपाने उलटा प्रवाह देऊन उंदराच्या भ्रूणाचं डावं-उजवं उलटवण्यात आलं.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा. श्वासनलिकेतल्या सिलियमच्या मधोमध सूक्ष्मनलिकांची एक जोडी असते. नोडमधल्या फिरत्या सिलियांत ती सहसा नसते. म्हणून फक्त त्या जोडीत दोष असलेल्या रुग्णाला छातीचा त्रास होतो, पण त्याचे अवयव जागच्या जागी असतात.

[दृश्य ५ : गर्भाची सोनोग्राफी]

सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटले तर एकमेकांशी असलेलं त्यांचं नातं टिकतं आणि माणूस बहुधा निरोगी जगतो. अपेंडिक्सचं दुखणं डावीकडे उठतं, एवढं डॉक्टरला माहीत हवं. धोका असतो अर्धवट गोंधळाचा, म्हणजे हेटरोटॅक्सीचा. दोन्ही फुप्फुसं तीन-तीन खंडांची, प्लीहा बेपत्ता, हृदयाच्या कप्प्यांची आणि रक्तवाहिन्यांची जोडणी चुकलेली, आतड्याला पीळ पडण्याची भीती. प्लीहा नसलेल्या बाळाला न्यूमोकोकससारख्या जंतूंपासून विशेष जपावं लागतं. म्हणूनच पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आधी गर्भाची डावी बाजू नक्की करतात आणि मग जठर व हृदयाचं टोक दोन्ही त्याच बाजूला आहेत ना, हे पाहतात. एक इकडे आणि एक तिकडे दिसलं, की पुढची तपासणी गर्भाच्या हृदयाची.