दमट हवेत उघडणारी खिडकी

पडद्यावर दिसणारा हा पाइनचा शंकू झाडावरून गळला, त्याच्या आधीच त्याच्या खवल्यांतल्या पेशी मेलेल्या होत्या. तरीही पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवला की त्याचे पसरलेले खवले हळूहळू मिटतात आणि उन्हात वाळवला की पुन्हा उघडतात. प्रत्येक खवल्यात दोन थर असतात. बाहेरच्या थरातले सेल्युलोजचे तंतू अशा कोनात रचलेले असतात की पाणी शोषल्यावर तो लांबीने वाढतो, आतला थर मात्र जवळपास तेवढाच राहतो आणि खवला आत वळतो. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेले लाकडी दार आपण खांदा लावून ढकलतो, तेव्हा कारण हेच असते. दारातल्या तंतूंना तसे वळण कुणी लावलेले नसते, एवढेच.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात 2023 साली पूर्ण झालेल्या एका लाकडी वास्तूच्या दक्षिणेकडच्या छतखिडकीवर असेच 424 खवले बसवले आहेत. सेल्युलोजयुक्त सामग्रीपासून ते साध्या त्रिमितीय मुद्रणयंत्रावर थर देऊन छापलेले आहेत. थंड, दमट हवेत ते शंकूच्या उलट, वळून उघडतात आणि हिवाळ्याचे ऊन आत सोडतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सपाट होऊन सावली धरतात. या हालचालीला मोटार लागत नाही, वीजही लागत नाही.

खवल्यांच्या या झडपेमागे फ्रायबुर्गचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि श्टुटगार्टचे वास्तुविशारद यांचे एकत्र काम आहे. फ्रायबुर्गमध्ये 2019 पासून चालणाऱ्या 'लिव्हमॅट्स' या संशोधनसमूहात रसायन, भौतिकी आणि जीवशास्त्र यांच्या जोडीला मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञानही आहे. अशा प्रकल्पांत प्रयोगशाळेतले रोजचे काम बहुधा पीएच.डी. करणारे आणि नुकतीच ती पदवी मिळवलेले तरुण करतात, आणि एका विषयाची भाषा दुसऱ्या विषयाच्या माणसाला समजावण्याचे, म्हणजे भाषांतराचे, कामही त्यांच्याच वाट्याला येते. 'स्मृती' म्हटले की बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर, काम करणाऱ्या रसायनज्ञाला तापवल्यावर मूळ आकारात परतणारी पट्टी आठवते, संगणकवाल्याला साठवलेला अंक, तर मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला अनुभवाने बदललेले वागणे. तिघेही मान डोलावतात आणि बोलत असतात तीन वेगळ्या गोष्टींबद्दल. शिवाय प्रबंध शेवटी एकाच विषयाच्या परीक्षकांपुढे ठेवायचा असतो. या कामाची ही खरी किंमत सहसा माहितीपटांत येत नाही.

या झडपेला 'अनुकूल' म्हणता येईल, 'शिकणारी' नाही. तीच झडप मुंबईत बसवली, तर पावसाळ्याच्या तोंडावर, घामाच्या धारा लागलेल्या दुपारी ती उघडूनच राहण्याची शक्यता अधिक, कारण आपल्याकडे उकाडा आणि दमटपणा जोडीने येतात. दमट म्हणजे थंड, हा फ्रायबुर्गचा हिशेब तिच्यात छापतानाच पक्का झालेला आहे. अनुभवावरून तो तिला बदलता येत नाही.

मग बदलता येणारा पदार्थ कसा असेल? फिनलंडमधल्या आल्टो आणि टांपेरे विद्यापीठांच्या संशोधकांनी 2019 मध्ये एक जेल मांडले. ते सुचले पावलोवच्या कुत्र्यावरून, घंटेपाठोपाठ अन्न मिळत गेल्याने नुसत्या घंटेनेही लाळ गाळू लागलेल्या. त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण आणि प्रकाश पडताच आम्ल सोडणारे एक संयुग आहे. सुरुवातीला जेल उष्णतेने वितळते. प्रकाशाने त्याला काहीच होत नाही. पण उष्णता आणि प्रकाश एकदम दिले की वितळलेल्या जेलमधले कण मोकळे होतात, आम्लामुळे साखळीसारखे जुळतात आणि पूर्वी दाद न दिलेला प्रकाश शोषू लागतात. त्यानंतर नुसत्या प्रकाशानेही ते कण तापतात आणि जेल वितळते. कुत्र्याच्या बाबतीत जे घंटेचे झाले, ते इथे प्रकाशाचे झाले.

अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, 2022 मध्ये 21 दांड्यांची एक जाळी मांडली गेली. तिच्या दांड्यांचा ताठरपणा बदलत जातो आणि ठरावीक दाबाखाली हवा तो आकार घ्यायला ती शिकते. मात्र त्या दांड्यांत विजेवर चालणारी यंत्रणा आहे. तिला पदार्थ म्हणावे की यंत्र, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे.

जेलपुढचा प्रश्न आमच्या मते याहून अवघड आहे, आणि तो रसायनज्ञापेक्षा मानसशास्त्रज्ञाला आधी सुचेल. घंटेमागून अन्न येईनासे झाले की कुत्र्याची लाळ हळूहळू थांबते. सोन्याच्या कणांची साखळी मात्र तशी आपोआप सुटत नाही. जेलला विसरायला लावायचे, तर त्यासाठीही वेगळी रासायनिक योजना आधीच करून ठेवावी लागते.