प्रश्न कोण ठरवतं?

(दृश्य : बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर. आकडा हळूहळू स्थिरावतो.)

कोविडच्या लाटेत या छोट्या यंत्राच्या आकड्यावर फार मोठे निर्णय घेतले गेले. रुग्णाला दाखल करायचं की घरी पाठवायचं, ऑक्सिजन लावायचा की अजून थांबायचं. यंत्रातला प्रकाश बोटातून आरपार जातो आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे, ते समोर दिसतं. पण त्वचा गडद असेल, तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी यंत्राचे आकडे धमनीतल्या रक्ताच्या थेट तपासणीशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत होतं, पण ऑक्सिजन खरोखर ८८ च्या खाली गेला होता, असं गोऱ्या रुग्णांच्या बाबतीत ३.६ टक्के वेळा घडलं. कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ११.७ टक्के वेळा.

ही शंका नवी नव्हती. १९९० मध्येच ती एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. मग तीस वर्षं काय झालं? आमच्या मते याचं एक कारण स्पष्ट आहे. यंत्र ज्यांच्या बोटावर चुकत होतं, त्यांच्यातली फारच थोडी माणसं ते तपासणाऱ्यांत, मान्यता देणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांत होती.

(दृश्य : विभागाची बैठक. टेबलावर प्रश्नावलीचा कच्चा मसुदा.)

विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागात रोज अशाच गोष्टी ठरतात. सर्वेक्षणात कुणाला धरायचं, प्रश्नावली कोणत्या भाषेत काढायची, ‘आजारी’ कुणाला म्हणायचं. या विभागात निरनिराळ्या समाजांतली, आर्थिक थरांतली, अपंगत्वासह जगणारी माणसं असावीत, असं म्हटलं की बरेचजण ती सौजन्याची बाब समजतात. आम्ही तिला संशोधनाच्या अचूकतेची बाब मानतो.

२०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. कोणत्या रुग्णांना जास्तीची देखभाल द्यावी, हे सुचवणारी एक संगणकीय प्रणाली अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरली जात होती. तिला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता, म्हणजे वरवर पाहता ती निःपक्षपाती. पण आजार किती गंभीर, हे ती उपचारांवर झालेल्या खर्चावरून ठरवत होती. गोऱ्या रुग्णाइतक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णावर खर्च कमी होत आला होता, म्हणून प्रणालीच्या लेखी तो जास्त निरोगी ठरायचा. हा दोष काढला, तर जास्तीच्या देखभालीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातं, असं संशोधकांनी दाखवलं. गणितात चूक नव्हती. मोजायचं काय, हे ठरवतानाच गफलत झाली होती. आमच्या विद्यार्थ्यांनी संख्याशास्त्राच्या तासाला हे उदाहरण शिकायला हवं. सामाजिक न्यायाच्या एखाद्या ऐच्छिक विषयात ते ढकलून चालणार नाही.

माणसं बदलली की परिणाम बदलतो, याचाही पुरावा आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात कृष्णवर्णीय पुरुषांना प्रतिबंधक तपासण्या देऊ केल्या गेल्या. डॉक्टर कोण मिळणार, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. डॉक्टरचा नुसता फोटो पाहून लोकांच्या निवडीत फरक पडला नाही. डॉक्टरशी बोलणं झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय डॉक्टर मिळालेल्यांनी जास्त तपासण्या करून घेतल्या. विशेषतः जिथे रक्त द्यावं लागतं, अशा.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. अलाबामातली मेकन काउंटी.)

पण इथे सावध व्हायला हवं. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगी इथे एक अभ्यास सुरू केला. ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार होता, २०१ जणांना नव्हता. आजार उपचाराविना कसा वाढतो, हे पाहायचं होतं. रुग्णांना खरं सांगितलं नाही. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला, तेव्हाही ते दिलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून बातमी फुटेपर्यंत हे चालू होतं.

या अभ्यासात युनिस रिव्हर्स नावाची परिचारिका होती. ती स्वतः कृष्णवर्णीय. ती या माणसांना घरून घेऊन यायची, त्यांची विचारपूस करायची. लोक तिच्या भरवशावर येत राहिले. म्हणजे समाजातलं माणूस त्या चमूत होतं, अगदी सुरुवातीपासून. पण अभ्यासाचा हेतू ठरवणारे, तो थांबवू शकणारे हात दुसरेच होते. तिचा चेहरा आणि तिची पुण्याई तेवढी वापरली गेली. आज एखादा विभाग माहितीपत्रकावर हसरे, वेगवेगळे चेहरे छापतो आणि निर्णय त्याच जुन्या चौघांच्या हाती ठेवतो, तेव्हा आम्हाला युनिस रिव्हर्स आठवते.

याच्या उलट घडलं ते एड्सच्या बाबतीत. सुरुवातीची व्याख्या मुख्यतः पुरुष रुग्णांवरून तयार झाली होती. स्त्रियांना होणारे काही आजार तिच्यात बसतच नव्हते. त्यामुळे बाई मरणाच्या दारात असली तरी कागदोपत्री तिला एड्स नसायचा आणि सरकारी मदतीचं दारही बंद व्हायचं. एचआयव्ही असलेल्या स्त्रिया, त्यांच्या वकील आणि कार्यकर्त्या रस्त्यावर आल्या, न्यायालयात गेल्या. जानेवारी १९९३ पासून अमेरिकेत व्याख्या रुंदावली आणि गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग तिच्यात आला. इथे भोगणाऱ्यांनी व्याख्येलाच हात घातला.

(दृश्य : विभागाचा कॉरिडॉर. सूचनाफलकावर निवड समितीची सूचना.)

मग विभागाने काय करायचं? सुरुवात निवड समितीपासून. निकष अर्ज उघडण्याआधी लिहून काढायचे, म्हणजे ‘आपल्यासारखा वाटतो’ म्हणून कुणी पुढे सरकत नाही. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याला मानधन द्यायचं. विनामोबदला सहा महिने काम करणं फक्त ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच परवडतं, आणि मग वस्तीतून आलेली मुलगी वस्तीचा अभ्यास करण्याच्या संधीलाच मुकते. प्रश्नावली, संकेतस्थळ, वर्ग अपंग व्यक्तींना वापरता येतात का, हे त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचं, आणि त्या कामाचे पैसे द्यायचे.

एक गोष्ट विभागप्रमुखांनी नीट ऐकावी. वंचित समाजातून आलेल्या प्राध्यापकाला प्रत्येक समितीवर बसवलं जातं. त्या समाजातले विद्यार्थी अडचणी घेऊन त्यांच्याच दाराशी येतात. हे काम खरं आहे, दमवणारं आहे, आणि बढतीच्या वेळी त्याची नोंद कुठेच नसते. तिकडे मोजले जातात फक्त शोधनिबंध. हे तास कार्यभारात धरले नाहीत, तर विभाग ज्यांना आणतो त्यांनाच झिजवून घालवतो.

आणि संशोधन ज्या लोकांवर होतं, त्यांना सल्लागार मंडळात नुसती जागा देऊन भागत नाही. प्रश्न निवडताना त्यांचं मत लागू व्हायला हवं, निधीतला वाटा त्यांच्या संस्थेकडे जायला हवा, आणि निष्कर्ष छापण्याआधी त्यांच्यासमोर मांडले जायला हवेत. एखाद्या वस्तीत लसीकरण कमी का, याचं उत्तर संशोधक ‘अज्ञान’ असं लिहून मोकळे होतात. तिथली बाई सांगते की केंद्र उघडं असतं तेव्हा ती कामावर असते. पुढच्या सर्वेक्षणात केंद्राच्या वेळेचा प्रश्न येतो तो तिच्यामुळे.