पुढून ओढणारी, मागून ढकलणारी

(पहाट. ओली धावपट्टी. दोन गाड्या शेजारी शेजारी.)

डावीकडची रुपेरी आणि उजवीकडची लाल, दोघींच्या डिकीवर बिल्ला एकच. दोन्ही बीएमडब्ल्यूच्या 1 सिरीज. रुपेरी आहे 2017 ची 125आय, 224 अश्वशक्तीची. लाल आहे 2021 ची 128टीआय, 265 अश्वशक्तीची. दोघींना दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोघींना आठ गिअरचा ऑटोमॅटिक. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला दोघीही सहा सेकंदांच्या किंचित वर पोचतात. लाल गाडीकडे 41 घोडे जास्त आहेत. तरी ती सुरुवातीला पुढे का निघून जात नाही?

(गॅरेज. रुपेरी गाडी लिफ्टवर वर जाते.)

याचं उत्तर गाडीच्या पोटाखाली आहे. रुपेरी गाडीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलंय आणि शक्य तितकं मागे सरकवलंय. त्याच्यामागे गिअरबॉक्स. तिथून हा लांब प्रॉपेलर शाफ्ट मागे जातो, डिफरन्शिअलला, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या संचाला, फिरवतो आणि मागची दोन चाकं गाडी ढकलतात. पुढच्या चाकांना एवढंच काम, वळायचं आणि ब्रेक लावला की थांबवायचं.

(लाल गाडी लिफ्टवर.)

आता हिच्याखाली पाहा. मधोमध फक्त सायलेन्सरचा पाइप. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारीच, आणि दोन आखूड शाफ्ट थेट पुढच्या चाकांत. ही मांडणी लोकांच्या घरात नेली 1959 च्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीनं. तिचे रचनाकार अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं घातलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलातच बसवला आणि जेमतेम तीन मीटर लांबीत चार माणसं बसवली. 1964 ला याच मिनीनं मोंटे कार्लो रॅली जिंकली. पुढची चाकं ओढणारी गाडी दुबळी असते, हा समज तिथेच मोडला. पुढे 1994 मध्ये बीएमडब्ल्यूनं रोव्हर कंपनी घेतली, तिच्यासोबत मिनी हाती आली, आणि या लाल गाडीचा पाया आजच्या मिनीशी नातं सांगणारा आहे.

(स्लो मोशन. रुपेरी गाडी सुटते.)

नाक वर आलं, मागचा भाग खाली बसला. हे चित्र आम्ही तीनदा घेतलं, कारण सगळी गोष्ट याच क्षणात आहे. साधारण 1400 किलोची गाडी जोरात सुटते तेव्हा सव्वाशे किलोच्या आसपास भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. रुपेरी गाडीत तो नेमका ढकलणाऱ्या चाकांवर येऊन बसतो. जितका पिकअप जास्त, तितकी पकड जास्त.

(स्लो मोशन. लाल गाडी सुटते.)

इथंही नाक वर येतं. पण ओढणारी चाकं पुढे आहेत, आणि त्यांच्यावरचाच भार कमी झाला. बघा, टायर क्षणभर जागच्या जागी फिरला. लगेच कॉम्प्युटरनं इंजिनाची ताकद आवरली. ही यंत्रणा बीएमडब्ल्यूच्या आय3 या विजेच्या गाडीतून आलीय. चाक घसरतंय हे इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतःच ओळखतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला विचारायला जात नाही. काम चोख आहे. तरीही 41 घोड्यांचा मोठा वाटा सुटताना असा बांधून ठेवावा लागतो. वेग वाढला, वरचे गिअर पडले, की ते मोकळे होतात.

(वर्तुळाकार पट्टी. पाण्याचे फवारे.)

टायरची पकड मोजकीच असते. वळण्यात जेवढी खर्च झाली, तेवढी ओढायला उरत नाही. लाल गाडीची पुढची चाकं दोन्ही कामं करतायत. अॅक्सिलरेटर दाबला की गाडी वर्तुळाबाहेर जाऊ पाहते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मग तिच्यातलं टोर्सन डिफरन्शिअल बाहेरच्या चाकाला जास्त जोर देतं आणि नाक पुन्हा आत येतं. फार सुंदर काम आहे हे. पण स्टिअरिंगवरचे हात पाहा, ती ओढ त्यांच्यापर्यंत पोचतेय.

आता रुपेरी. पाय दाबला, शेपूट किंचित बाहेर आली, ड्रायव्हरनं स्टिअरिंग उलट दिलं, गाडी सरळ. ओव्हरस्टिअर. नवख्या माणसासाठी धोक्याचं, यात वाद नाही. पण गाडी काय करतेय ते आधी पाठीला कळतं आणि सावरायला पुढची चाकं मोकळी असतात. स्टिअरिंगमध्ये इंजिनाची ढवळाढवळ नाही. आम्हाला जे दाखवायचं होतं ते हेच.

(बर्फाचा चढ.)

इथं मात्र लाल गाडी जिंकली, ते जसंच्या तसं ठेवलंय. बर्फावर जोरात सुटताच येत नाही, त्यामुळे भार मागे जात नाही. इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवर बसलेलं असतं, आणि गाडी चढून जाते. रुपेरी अर्ध्यावर अडकली.

(मागची सीट.)

रुपेरी गाडीच्या मागच्या सीटसमोर हा उंचवटा, खालून शाफ्ट जातो म्हणून. नव्या गाडीत गुडघ्यांना 33 मिलिमीटर जास्त जागा मिळाली आणि डिकी 360 वरून 380 लिटर झाली. 2010 मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख नॉर्बर्ट रायटहोफर यांनी सांगितलं होतं, की 1 सिरीजच्या दहापैकी आठ मालकांना आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते असंच वाटतं. 2019 ला 1 सिरीजची रचना बदलली.

(जंगलातला घाट. रुपेरी गाडी.)

याच पिढीची 1 सिरीज 2013 मध्ये भारतातही आली होती. आज मागची चाकं चालवणारी छोटी बीएमडब्ल्यू हवी असेल, तर दोन दारांची 2 सिरीज कूपे उरलीय, आणि ती मेक्सिकोत बनते.

हे पुढचं वळण डावं आहे, वर चढणारं. माइक गाडीच्या आत, मागच्या चाकाच्या वर लावला होता. इथून निवेदन थांबवतोय. आवाज तेवढा वाढवा.