ड्रमसारखं न वाजणारं ड्रम मशीन

मंडळी, ड्रम मशीनं पुष्कळ आली आणि गेली. आज मी एकाचबद्दल बोलणार आहे: जपानच्या रोलंड कंपनीचं टीआर-८०८, १९८० सालचं. त्याच वर्षी अमेरिकेत लिन एलएम-१ आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे ठोके चिपवर साठवलेले, त्यामुळे ते अस्सल वाटायचं. किंमतही जवळपास पाच हजार डॉलर. ८०८ बाराशेच्या आसपास मिळायचं, पण त्यात खऱ्या ड्रमचा एकही आवाज नव्हता. सगळे आवाज सर्किटनेच घडवलेले.

त्याच्या बास ड्रमचंच घ्या. सर्किटला विजेचा एक छोटा धक्का बसतो आणि ते क्षणभर आपसूक कंप पावत राहतं, पन्नासेक हर्ट्झच्या आसपास. ‘डिके’चा नॉब फिरवा, तो घुमारा लांबत जातो. कातडं नाही, लाकूड नाही, नुसता घुमारा! हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांचा आवाज, तर सहा ऑसिलेटरांच्या (सतत कंप पावणाऱ्या सर्किटांच्या) कलकलाटातून गाळून काढलेला. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी ८०८च्या खास चरचरीसाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, तसला सदोष माल मिळेना, आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर जेमतेम बारा हजार यंत्रं बनली होती.

खालच्या बाजूला सोळा बटणांची रांग. तबला शिकलेल्यांना तीनताल आठवेल, पण इथे मात्रा चारच, आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग आहेत. बटण दाबलं की दिवा लागतो आणि बरोबर त्या जागी ठोका पडतो. ताल डोळ्यांनी दिसतो, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण हात तयार नसलेल्या माणसालाही ताल रचता आला. अमेरिकन गायक मार्विन गे यांनी बेल्जियममधल्या ऑस्टेंडला राहत असताना १९८२ चं ‘सेक्शुअल हीलिंग’ याच यंत्रावर उभं केलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डीजे आफ्रिका बंबाटांचं ‘प्लॅनेट रॉक’ आलं आणि हिप-हॉपची दिशाच पालटली. पुढे सेकंडहँड ८०८ स्वस्तात मिळू लागलं, तेव्हा ज्यांना स्टुडिओ परवडत नव्हता त्यांच्या घरात ते पोचलं.

आणि त्याच १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी ८०८ आणि रोलंडचंच बासचे सूर वाजवणारं यंत्र टीबी-३०३ जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभरचे डीजे चकित झाले, कारण ३०३च्या आवाजावर उभं असलेलं शिकागोचं नाचाचं संगीत, ॲसिड हाउस, १९८२ नंतर काही वर्षांनी जन्मलं. शिकागोच्या मुलांनी त्यांचं ऐकलं होतं असं कुणी समजू नये. दोन्हीकडे वेगवेगळ्या वाटांनी लोक त्याच यंत्रांपाशी पोचले. तरीही चरणजितजींचं नाव आपल्याकडे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आज ट्रॅप संगीतात, म्हणजे हिप-हॉपच्याच एका प्रकारात, हा घुमारा ठेका धरून थांबत नाही. निर्माते तो गाण्याच्या सुरात लावतात आणि त्यावरच बासची चाल वाजवतात. फोनच्या स्पीकरला इतका खर्ज झेपत नाही, म्हणून त्यात थोडी विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा मुद्दाम आणलेला खरखरीतपणा) मिसळून वरचे स्वर उठवतात. घरी गेल्यावर एखादं असं गाणं आधी फोनवर आणि मग मोठ्या स्पीकरवर लावून बघा.